बुधवारच्या खेळातली किंकाळी

झोपलेला माणूस कसा ओळखावा हे मला कोणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी ब्रॉन्क्समधल्या एका शाळेत भूगोल शिकवला, आणि तोही जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला. हनुवटीला हात लावून झोपणारे, पुस्तक उभं धरून त्याच्या आड झोपणारे, डोळे सताड उघडे ठेवून ॲमेझॉनच्या उपनद्यांतून वाहत जाणारे, हे सगळे प्रकार मी फळ्याकडे तोंड असतानाही नुसत्या श्वासावरून सांगत असे. त्यामुळे बायकोनं जेव्हा तिच्या नाटकाला बसून प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया टिपण्याचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा माझ्याइतका लायक माणूस सबंध मॅनहॅटनमध्ये सापडणार नाही असं मला मनापासून वाटलं. पुढे जे झालं त्यात माझी बरीच शोभा झाली. ती मी आपणहूनच सांगून टाकतो, म्हणजे आमच्या सोसायटीतल्या लोकांना तिखटमीठ लावायला जागा राहणार नाही.

बायकोचं नाव इर्मा. ती घरी पियानो शिकवते. नऊ वर्षं खपून तिनं एक संगीत नाटक लिहिलं, शब्द तिचे आणि चालीही तिच्याच. नाटकाचं नाव ‘तळघर’. जाहिरातीत ‘भयानक आणि विनोदी’ असं छापलं होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, असं मला कुणी विचारलं की मी त्याला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला येऊन बसायला सांगत असे.

गोष्ट साधी आहे. एका जुन्या इमारतीच्या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांसाठी मिळून कपडे धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रं आहेत. त्यातला तीन नंबरचा ड्रायर माणसं खातो. वेळ संपून गेल्यावरही जो आपले कपडे आत सोडून देतो, तो परत आला की ड्रायर गोड गाणं म्हणत त्याला जवळ बोलावतो आणि गिळून टाकतो. असे पाच जण जातात. शेवटी येते मिस ऑगस्टा. ही म्हातारी एकटी, हिच्याकडे वाळवायचं काही नसतंच. ती रोज नुसती उबेला येऊन बसणारी. ती आपल्या पायांनी ड्रायरमध्ये शिरते आणि आत बसून त्या राक्षसाला अंगाई म्हणते. साडेचार मिनिटांची अंगाई. राक्षस झोपतो. मग काम संपल्याचा भोंगा वाजतो, दार उघडतं आणि आत कोणीच नसतं.

ही अंगाई म्हणजे इर्माचा जीव की प्राण. ‘बाकीची अठरा गाणी काढून टाकलीत तरी मी एक वेळ सोसेन,’ असं ती निर्मात्याला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. निर्माता म्हणजे पेलेग्रिनो. हा मूळचा फरशांचा व्यापारी. त्याची एक खास पद्धत होती: तो नाटक कधी बघत नसे. बाहेर, दाराला कान लावून उभा राही आणि हशा, टाळ्या, किंकाळ्या मोजत असे. ‘डोळे फसवतात, टॅव्हलिन,’ तो मला म्हणाला, ‘फरशी पोकळ आहे का हे ठोकूनच कळतं.’ दिग्दर्शिका थिया ही फार हुशार पोरगी, पण माणसं कमी असल्यामुळे ती प्रयोगभर पडद्यामागे बसून ड्रायरचं पिंप हातानं फिरवत असे. इर्मा तर नाट्यगृहात पाऊलच टाकत नसे. समोरच्या उपाहारगृहात थंड झालेल्या कॉफीपुढे बसून राही. म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून बघणारा असा एकटा मीच होतो.

नाट्यगृह व्हिलेज नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत होतं, पूर्वी तिथं मेणबत्त्यांचा कारखाना होता. खुर्च्या एकशे नव्याण्णव. ब्रॉडवेवर हजार-हजार माणसं बसतात, पण आमचा मामला आडवाटेचा. ऑफ-ब्रॉडवेला एवढ्या खुर्च्या म्हणजे दरबारच. संध्याकाळी तिथं दुसऱ्या कुणाचं नाटक चालायचं, म्हणून आमचे चाचणीचे प्रयोग फक्त बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोनला. चार आठवडे हे कच्चे प्रयोग चालवायचे, प्रेक्षक बघून नाटकात काटछाट करायची, मग नाटक पक्कं करून समीक्षकांना बोलवायचं, असा धंद्याचा रिवाज आहे. फेब्रुवारीचे दिवस होते. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि आत वाफेचे पाइप रटरटत होते. ते बंद करायची चावी कुणीतरी पूर्वी कधीतरी मोडून ठेवलेली.

बुधवारी दुपारी नाटकाला कोण येतं हे न्यूयॉर्कच्या माणसाला सांगायला नको. जेवण उरकून, दोन कोट आणि एक छत्री घेऊन, मैत्रिणीच्या दंडाला धरून येणाऱ्या बायका. मधूनमधून एखादा नवरा. पिशवीत खोकल्याच्या गोळ्या. मी कडेच्या खुर्चीवर वही, पेन्सिल आणि चिमुकला दिवा घेऊन बसलो. पडदा उघडला. पहिला माणूस कपडे विसरून निघून गेला आणि ड्रायरचे डोळे लाल झाले.

‘किती वेळ झाला कपड्यांना?’ तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी मैत्रिणीला विचारलं. दोघींच्याही कानात ऐकायची यंत्रं होती, त्यामुळे ही कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

‘वीस मिनिटं, असं म्हणाला ना तो मगाशी.’

‘वीस मिनिटं? मग गिळू दे मेल्याला!’

ड्रायरनं त्याला गिळलं आणि नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी चकित होऊन लिहिलं: ‘दोन वाजून एकोणीस मिनिटं. टाळ्या. राक्षसाला.’ दुसरी बाई गेली तेव्हा मागून आवाज आला, ‘तिचे मोजे राहिले बाहेर, तेही घे!’ चौथा वकील होता. तो काचेला हात लावून दयेची भीक मागत होता. एक आजोबा उभे राहून म्हणाले, ‘आमच्या इमारतीतला चव्वेचाळीस नंबरवाला डिट्टो असाच दिसतो!’ आणि त्यांना खाली बसवायला दोन माणसं लागली.

उपाहारगृहात इर्मानं वही वाचली. तिचा चेहरा उतरला.

‘मॉरिस, त्यांनी ड्रायरला टाळ्या दिल्या?’

‘पाच वेळा.’

‘अरे, पण तो राक्षस आहे! त्या माणसांसाठी रडायला हवं होतं त्यांनी!’

‘इर्मा, त्यांनी ड्रायरमधले कपडे वेळेवर काढले नव्हते,’ मी म्हणालो. काय करणार, मीही याच शहरात वाढलो आहे.

‘आणि अंगाई?’ तिनं हळूच विचारलं. ‘अंगाईच्या वेळी काय झालं?’

इथं मला कबुली द्यायला हवी. अंगाई सुरू झाल्याचं मला आठवत होतं. मिस ऑगस्टाचं काम करणाऱ्या बाईंचा आवाज दाट सायीसारखा मऊ. पिंप मंद फिरत होतं, त्यातून पिवळा उजेड भिंतीवरून वर जात होता, खाली येत होता. पायाशी वाफेचा पाइप होता. मग मी येनिसेई नदीवर होतो. नदी कोमट होती आणि तिच्यावरून घडी घातलेले टॉवेल तरंगत चालले होते. दोन्ही काठांवर माझे जुने विद्यार्थी उभे राहून राजधान्यांची नावं म्हणत होते, एकही चुकत नव्हतं. मला फार बरं वाटलं. एवढ्यात भोंगा वाजला, सबंध नाट्यगृह असं किंचाळलं की माझी पेन्सिल दोन रांगा पुढे जाऊन पडली. सगळे डोळे पुसत होते. मी वहीत बघितलं. साडेचार मिनिटं कोरी होती. मी घाईघाईनं लिहून टाकलं: ‘पूर्ण शांतता. एकही खोकला नाही. भोंग्याला जबरदस्त किंकाळी. नंतर डोळे पुसले.’

इर्मानं ते वाचलं. टेबलावरून हात पुढे करून तिनं माझा हात धरला. एकतीस वर्षं मी पोरांना खोट्या वह्यांबद्दल वर्गाबाहेर उभं करत आलो, आणि आता स्वतः तोंड वर करून तिच्यासमोर बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

पेलेग्रिनोला मात्र शांतता पटली नाही. ‘दाराला कान लावला तर साडेचार मिनिटं आत काहीच नाही,’ तो म्हणाला. ‘हशा नाही, हुंकार नाही. पोकळ फरशी. किंकाळी मात्र पहिल्या नंबरची! थिया, त्या भोंग्याला जपा.’ थियाला वाटलं भोंगा आपण अचूक क्षणी वाजवला म्हणून लोक किंचाळले, आणि ती आनंदानं लाल झाली.

शनिवारी परत तेच. येनिसेई, टॉवेल, किंकाळी. आता मात्र मी घाबरलो. बायकोच्या जिवाचं गाणं, सगळं जग स्तब्ध होऊन ऐकतंय, आणि तिचा सख्खा नवरा तेवढा घोरतोय! मला कुणाशी तरी बोलायला हवं होतं. आमच्या इमारतीचा देखभाल करणारा ओकेंडो आमचा पाइप दुरुस्त करायला आला होता, त्याला मी विश्वासात घेतलं. ही बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे. ओकेंडो पान्हा घेऊन आमच्या घरातून निघाला आणि तास उलटायच्या आत सहाही मजल्यांना कळलं. नशीब एवढंच की इर्माशी त्या दिवसांत कोणी बोलत नव्हतं. त्याचं कारण वेगळं होतं, ते सांगतो.

सोसायटीच्या अध्यक्ष मिसेस बर्निस ग्लिक्स्टीन यांनी दाराखालून एक पत्र सरकवलं होतं. ‘विषय: नाटकातील ड्रायर क्रमांक तीन व आपल्या इमारतीतील ड्रायर क्रमांक तीन यांत आढळून आलेल्या साम्याबाबत.’ पत्रात म्हटलं होतं की सदर नाटकामुळे सोसायटीच्या मालमत्तेची बदनामी होत असल्याची तोंडी तक्रार आली असून, कमिटीचे बावीस सदस्य येत्या बुधवारी समक्ष पाहणी करतील. तोवर सदस्यांनी लेखिकेशी या विषयावर बोलू नये. लोकांना नियम पाळायची हौस दांडगी. विषय कोणता हे न बघता त्यांनी सगळंच बोलणं बंद केलं.

माझ्याशी बोलायला मात्र बंदी नव्हती. मिसेस ग्लिक्स्टीन स्वतः लिफ्ट अडवून उभ्या राहिल्या. ‘मिस्टर टॅव्हलिन, जिभेखाली किसलेलं हॉर्सरॅडिश ठेवा, त्या झणझणीत मुळानं झोप उडते. माझे मिस्टर सभेत हेच करायचे.’ त्यांचे मिस्टर सभेतच गेले, हे मी बोललो नाही. ओकेंडोचं मत वेगळं. ‘बुटात वाळका वाटाणा टाका साहेब. माझा मामा तिकडे पोन्से गावात पहारेकरी होता, वीस वर्षं एका वाटाण्यावर काढली त्यानं.’ चौथ्या मजल्यावरच्या औषधवाल्यानं सांगितलं, उभं राहा. उभा माणूस झोपत नाही.

मी आधी उभं राहायचं ठरवलं, कारण त्यात मान राहतो. पण प्रयोगात मागे उभं राहायचं तर व्यवस्थापकाची परवानगी लागते. व्यवस्थापक म्हणाला, आगीच्या नियमांप्रमाणे उभ्या माणसासाठी अर्ज हवा, तीन प्रतींत. अर्जात एक रकाना होता: ‘उभे राहण्याचे कारण’. मी लिहिलं, ‘वैयक्तिक’. अर्ज परत आला. मी लिहिलं, ‘पाठदुखी’. तेव्हा डॉक्टरचं पत्र मागितलं. शेवटी वाटाणा आणि हॉर्सरॅडिश, दोन्ही घेऊन मी आपल्या खुर्चीवर जाऊन बसलो. वाटेत मला लंगडताना द्वारपाल बाईंनी पाहिलं आणि अपघाताचा वेगळा अर्ज भरून घेतला.

तो बुधवार मी विसरणार नाही. आमची सोसायटी मधल्या दोन रांगा भरून बसली होती, मिसेस ग्लिक्स्टीन मांडीवर इतिवृत्ताची वही घेऊन. पहिल्या बळीपर्यंत त्या गंभीर होत्या. दुसऱ्याला त्या म्हणाल्या, ‘अगदी बरोबर.’ तिसऱ्याला टाळ्या वाजवता वाजवता त्यांची वही खाली पडली. मग मिस ऑगस्टा ड्रायरमध्ये शिरली, पिवळा उजेड भिंतीवर चढू लागला, आणि मी हॉर्सरॅडिश तोंडात टाकलं.

डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांतून वाफ. पण मी जागा होतो! वाटाण्यावर टाच दाबून मी वळलो आणि नाट्यगृहाकडे बघितलं.

सगळे झोपले होते.

सगळे म्हणजे सगळे. ऐकायच्या यंत्रांच्या त्या दोघी एकमेकींच्या टोप्यांवर टोप्या टेकून. चव्वेचाळीस नंबरवाल्याशी वैर असलेले आजोबा दुसऱ्यांदा आले होते, तेही तोंड उघडं टाकून. ओकेंडो, औषधवाला, द्वारपाल बाई. मिसेस ग्लिक्स्टीन, ज्यांना मी पंचवीस वर्षांत कधी हळू श्वास घेतानाही पाहिलं नव्हतं, त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते, शाळेतल्या मुलीचे पडतात तसे. उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून वर जात होता आणि खाली येत होता. छपरावर बर्फ पडत असणार. मी इतका सुखावलो म्हणून सांगू! मी एकटा नव्हतो. माझं कुठं चुकलं नव्हतं. या समाधानात मला जी झोप लागली ती आधीच्या दोन्हींपेक्षा गाढ होती, आणि भोंग्याला मी सगळ्यांत मोठ्यानं किंचाळलो.

बाहेर येताना मिसेस ग्लिक्स्टीन डोळे पुसत होत्या. ‘आमच्या ड्रायरची बाजू पहिल्यांदा कुणीतरी मांडली,’ त्या म्हणाल्या. ‘बदनामी नाही, गौरव आहे हा. आणि ते शेवटचं गाणं! मी डोळे मिटून ऐकत होते हं. जिवाला काय शांत वाटलं!’ त्या आठवड्यापासून आमच्या तळघरात यंत्र थांबायच्या आधी पाच मिनिटं लोक टोपल्या घेऊन हजर असतात. तीन नंबरला तर कोणी हातच लावत नाही.

मी इर्माला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? नऊ वर्षांच्या मेहनतीला लोक घोरतात, हे सांगायला कोणतं तोंड न्यायचं? मी गप्प बसलो, आणि गप्प बसणाऱ्याच्या पदरी जे पडतं ते पडलं. तिसऱ्या आठवड्यात पेलेग्रिनोनं अंगाई कापली.

‘नुसती करून बघू,’ तो म्हणाला. ‘नाटक लांबतंय. म्हातारी आत जाते, दार बंद, भोंगा, किंकाळी. सुटसुटीत.’

तसा प्रयोग झाला. म्हातारी आत गेली, दार बंद झालं, भोंगा वाजला. एक बाई म्हणाली, ‘झालं वाटतं.’ आणि लोक कोट घालू लागले.

पेलेग्रिनो दारापासून पांढराफटक होऊन आला. किंकाळी कुठे गेली? सबंध नाटकाची किंकाळी तीच तर होती! थियानं भोंगा बदलला. मग आणखी मोठा आणला. शेवटी बंदरातून एका मोडीत काढलेल्या बोटीचा भोंगा आला, तो वाजवल्यावर शेजारच्या केक-पावाच्या दुकानातल्या बरण्या खाली आल्या आणि आवाजाच्या खात्याचा माणूस यंत्र घेऊन मोजायला आला. प्रेक्षकांपैकी एकानंही मान वर केली नाही. न्यूयॉर्कमध्ये जागा माणूस भोंग्याला घाबरत नाही. त्याचं सगळं आयुष्य भोंग्यात गेलेलं असतं.

हे सगळं नाटक चाललं असताना सबंध शहरात एकटा मी जाणत होतो की किंकाळी कुठून येते. माणूस आधी झोपायला हवा.

इर्मा तिसऱ्या आठवड्यात नीट जेवत नव्हती. पहाटे पहाटे पियानोपाशी बसलेली दिसायची, झाकण बंद ठेवून. सोमवारी सकाळी ती म्हणाली, ‘मॉरिस, मी पेलेग्रिनोला कळवते. जाहिरातीवरून माझं नाव काढून टाका म्हणून.’ अगदी शांतपणे म्हणाली. खरं सांगितलं तर गाणं वाचणार होतं आणि ती दुखावणार होती. नाही सांगितलं तर गाणं जाणार होतं आणि ती तरीही दुखावणारच होती. भूगोलात असे प्रश्न नसतात.

मी पावावर लावलेलं लोणी परत खरवडून काढलं आणि सगळं सांगितलं. येनिसेई, वाटाणा, हॉर्सरॅडिश, खोटी वही, सगळं. ‘ते झोपतात, इर्मा. म्हणून किंचाळतात.’

तिनं हातातला कप खाली ठेवला.

‘सगळे?’

‘सगळे.’

‘बर्निससुद्धा?’

‘ती सगळ्यांच्या आधी.’

इर्मा खिडकीकडे वळली. रडते आहे असं मला वाटलं, आणि मी उठून तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. पण ती रडत नव्हती. ‘ती अंगाई मी आईसाठी केली होती,’ ती म्हणाली. ‘शेवटच्या आठ महिन्यांत आईला झोप येत नव्हती ना. मी रोज उशाशी बसून म्हणायची. एकदाही झोपली नाही ती, मॉरिस. आठ महिन्यांत एकदाही नाही. म्हणायची, इर्मा, पुरे कर आता, रेडिओ लाव.’ एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. ‘मला वाटायचं माझ्या गाण्यातच काही नाही.’

मग तिनं स्वतः फोन उचलला. ‘पेलेग्रिनो, गाणं परत घाला. लोक त्यात झोपतात. हो, झोपतात. तुमची किंकाळी तिथून येते. नाही, मला अपमान वाटत नाही. अंगाई आहे ती, गाढवा!’ मग ठरलं ते असं: समीक्षक यायच्या आधीचा शेवटचा बुधवार. गाणं परत, भोंगा जुनाच. दारातून किंकाळी ऐकू आली तर गाणं कायमचं राहील. नाही आली तर नाही.

त्या बुधवारी इर्मा पहिल्यांदा आत आली. माझ्या शेजारची खुर्ची घेतली, कोट मांडीवर घेतला आणि माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. एकशे नव्याण्णव खुर्च्या भरल्या होत्या. राक्षसाला टाळ्या पडल्या तेव्हा ती दचकली, दुसऱ्यांदा ओठ दाबून हसली, पाचव्या वेळी तिनंही वाजवल्या. मिस ऑगस्टा आली. वाळवायला काही नसलेली ती बाई ड्रायरच्या दाराशी थांबली, आत शिरली आणि गाऊ लागली.

पहिलं कडवं संपायच्या आत इर्माचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी वाकून बघितलं. ती झोपली होती. तोंड थोडंसं उघडं, कपाळावरची आठी गेलेली.

मला झोप आली नाही. हालचाल करायची सोय नव्हती आणि माझ्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, त्या कुठल्याही वाटाण्यापेक्षा जहाल. त्यामुळे ती अंगाई मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पूर्ण, साडेचार मिनिटं. मला संगीतातलं कळत नाही. त्यात फार काही नव्हतंही: कपडे वाळले, दिवे मालवले, आता कोणी यायचं राहिलं नाही, तू झोप, मी जागी आहे. पण ‘मी जागी आहे’ ही ओळ दर वेळी थोडी खाली उतरत जाते. प्रत्येक वेळी वाटतं आता संपली, आणि ती आणखी एक पायरी उतरून पुन्हा येते. आजूबाजूला सगळं नाट्यगृह एका लयीत श्वास घेत होतं. मला माझी सासू आठवली, रेडिओ लाव म्हणणारी. आणि हॉर्सरॅडिशशिवाय माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हललो असतो तर ती जागी झाली असती, म्हणून वाहू दिलं.

शेवटची ओळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता भोंगा वाजणार.

तीन आठवडे या बाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिचा एक कान माझ्या कोटावर दाबलेला होता. दुसऱ्या कानावर मी डावा तळहात ठेवला, घट्ट, आणि तिचं डोकं छातीशी धरलं. भोंगा वाजला. एकशे सत्त्याण्णव माणसं जिवाच्या आकांतानं किंचाळली, पुन्हा आलेल्या मिसेस ग्लिक्स्टीनची वही उडाली, दार धाडकन उघडून पेलेग्रिनो दोन्ही हात वर करून आत धावत आला. मी मान हलवून त्याला तिथंच थांबवलं.

इर्मानं झोपेतच एक लांब श्वास घेतला, पण ती उठली नाही.